शाळा आपल्या लाइनीवर आहे का?

नोव्हेंबर उजाडला की विक्रोळीच्या आमच्या कन्नमवार नगरातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो. "अमुक शाळा कशी आहे गं?" मग बोर्ड कुठलं, फी किती, डोनेशन मागतात का, मैदान आहे का, सगळं निघतं. "जायचं कसं?" हे मात्र अगदी शेवटी, आणि त्याचं उत्तर ठरलेलं: "जवळच आहे, पाच-सहा किलोमीटर." मुंबईत या उत्तराला काडीचा अर्थ नसतो. हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि त्याची किंमत आमच्या पोराने मोजली.

नर्सरीसाठी आम्ही पवईची शाळा घेतली होती. नकाशावर सहा किलोमीटर, बस बिल्डिंगच्या गेटपर्यंत. आणखी काय हवं? पण बसच्या फेरीत आमचा स्टॉप पहिला होता. पावणेसातला पोरगा बसमध्ये चढायचा, मग ती बस टागोर नगर, कांजूर असं करत मुलं गोळा करायची आणि शेवटी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या रांगेत जाऊन उभी राहायची. सहा किलोमीटरला सव्वा तास. येताना तासभर. पुढे त्या रस्त्यावर मेट्रो-सहाचं काम सुरू झालं आणि सव्वा तासाचाही भरवसा राहिला नाही. आठवड्यातून एकदा तरी पोरगा बसमध्ये उलटी करून यायचा.

२०२० च्या फेब्रुवारीत पहिलीसाठी सायनच्या शाळेत नाव घातलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पोराला इतक्या लांब?" लांब खरंच होतं, विक्रोळी ते सायन रेल्वेच्या हिशेबाने दहा किलोमीटर. पण मधली स्टेशनं तीनच: घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत चाळीस मिनिटं, फार तर पंचेचाळीस. आणि मुख्य म्हणजे रोज तेवढीच.

या "रोज तेवढीच"मध्ये सगळी गोम आहे.

आधी थोडं गणित. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. जायला चाळीस मिनिटं आणि यायला चाळीस धरली तर २०० दिवसांचे २६६ तास होतात. म्हणजे मूल वर्षभर जेवढं शिकतं त्याच्या एक तृतीयांश वेळ रस्त्यात. आणि सोडायला-आणायला आई जात असेल तर तिच्या रोज चार फेऱ्या, वर्षाचे ५३३ तास. माझे गेले आहेत, म्हणून आकडा तोंडपाठ आहे. शाळेची फी तपासताना आपण रुपया न् रुपया मोजतो, हे तास कोणी मोजत नाही.

सरासरी फसवते

समजा शाळा 'क' रस्त्याने एरवी पंचवीस मिनिटांवर आहे, पण आठवड्यात एखादा दिवस ट्रॅफिकमुळे तास लागतो. शाळा 'ख' लोकलने पंचेचाळीस मिनिटांवर आहे आणि ती रोज पंचेचाळीसच लागतात. सहा दिवसांची सरासरी काढली तर 'क' साधारण एकतीस मिनिटांची, म्हणजे तीच जवळची वाटते. पण शाळेचं गेट सरासरीवर बंद होत नाही. कुठल्या दिवशी तास लागेल हे आदल्या रात्री कळत नाही, म्हणून 'क'साठीही रोज तासभर आधीच निघावं लागतं. पाच दिवस मूल शाळेबाहेर अर्धा तास ताटकळतं आणि सहाव्या दिवशी धापा टाकत पोहोचतं. तेव्हा "किती वेळ लागतो?" असं न विचारता "आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी किती लागतो?" असं विचारावं.

वेळ बिघडते कुठे? बहुतेक वेळा बदलायच्या ठिकाणी. रिक्षा, मग लोकल, मग बस, असे तीन टप्पे असतील आणि प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ दिवस वेळेवर असेल, तर तिन्ही एकाच दिवशी वेळेवर असण्याचे दिवस दहापैकी सातच उरतात. शिवाय सगळे बदल सारखे नसतात. दर चार-पाच मिनिटांनी येणारी लोकल किंवा मेट्रो चुकली तर फारसं बिघडत नाही. अर्ध्या तासाने येणारी बस चुकली की पहिला तास गेला. गेल्या काही वर्षांत बेस्टच्या गाड्या कमी झाल्यात. त्यामुळे बसवर अवलंबून राहायचं असेल तर एकाच नंबरच्या भरवशावर राहू नका. त्याच रस्त्यावरून दोन-तीन नंबर जात असतील तर चालेल. ९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं पाचचं दहा रुपये झालं, एसीचं बारा. तरी रिक्षाच्या सव्वीस रुपयांपुढे ते स्वस्तच. 'चलो' ॲपवर बस कुठवर आलीय ते दिसतं, एवढं आता बरं झालंय.

माझं स्वतःचं मत असं, की दहा वर्षांखालच्या मुलाला एकापेक्षा जास्त बदल नको. घर ते स्टेशन शेअर रिक्षा आणि मग एकच गाडी, बस्स. मुलुंडचं मूल शिवाजी पार्कच्या शाळेत घालणारे आईबाप मला माहीत आहेत, शाळा उत्तम आहे म्हणून. पण मध्य रेल्वेने दादरला उतरायचं, तो पूल चढायचा, पश्चिमेला उतरायचं आणि रानडे रोडच्या गर्दीतून चालत जायचं, हे रोज आणि पाठीवर दप्तर घेऊन. निदान २०२३ च्या डिसेंबरपासून दादरचे फलाट सलग १ ते १४ झालेत. त्याआधी दोन्ही लाइनींचा वेगवेगळा 'एक नंबर' असायचा आणि नव्या माणसाची हमखास फजिती व्हायची.

रुळाच्या कुठल्या बाजूला?

मुंबईचा नकाशा उभा धरा. शहर उत्तर-दक्षिण लांबलचक आणि पूर्व-पश्चिम चिंचोळं. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढे शहर रुळांच्या कडेकडेने वाढत गेलं. त्यामुळे उभं जाणं सोपं आहे. आडवं जायचं म्हटलं की रूळ ओलांडायचे, आणि ते ठरावीक पुलांवरून किंवा सबवेतूनच ओलांडता येतात.

म्हणून शाळा बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: आपल्या लाइनीवर आहे का? दुसरा: स्टेशनाच्या कुठल्या बाजूला? घर आणि शाळा वेगवेगळ्या बाजूंना असतील तर कुठल्या तरी एका टोकाला रोज पूल आलाच. घर हार्बर लाइनीवर आणि शाळा पश्चिम रेल्वेवर असेल तर शाळा कितीही चांगली असो, एकदा थांबून विचार करा.

हे पूल कायमचे असतात असंही नाही. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला आणि त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली. मधले सव्वा वर्ष अंधेरी पूर्वेकडून पश्चिमेच्या शाळेत गाडीने जाणाऱ्या मुलांचं काय झालं असेल, ते त्यांच्या आयांना विचारा. सायनचा रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. आमची शाळा पूर्वेला म्हणून आम्ही वाचलो, पण धारावीकडून बसने येणाऱ्या मुलांचा रस्ताच बदलला. प्रभादेवीचा, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. उलट आमच्या विक्रोळीचा पूल कित्येक वर्षं रखडून जून २०२५ मध्ये एकदाचा सुरू झाला आणि पश्चिमेच्या शाळा अचानक जवळ आल्या. मूल एका शाळेत दहा-बारा वर्षं असतं. तेवढ्या काळात तुमच्या वाटेवरचा एखादा पूल पाडायला घेणारच, असं धरून चाला आणि तो बंद झाला तर दुसरी वाट आहे का ते बघून ठेवा.

आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशाचा, फॉर्म भरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना नकाशावर आपल्या घराची खूण लावावी लागते आणि शाळेचं अंतर त्या खुणेपासून मोजलं जातं, तेही सरळ रेषेत, पक्षी उडतो तसं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी. पण रुळापलीकडची शाळा सरळ रेषेत आठशे मीटर असली तरी पूल चढून-उतरून अर्धा तास सहज लागतो. आणि आपल्याच बाजूची दीड किलोमीटरवरची शाळा वीस मिनिटांत चालत येते. अर्जात दहा शाळांची नावं देता येतात. ती देताना यादीकडे बघून भराभर टिक करू नका, प्रत्येक शाळेपर्यंत एकदा पायी जाऊन या.

दिशा आणि सत्र

लोकलची गर्दी कुठल्या दिशेला आणि किती वाजता असते, एवढं कळलं की अर्धं काम झालं. सकाळी आठ ते साडेदहा सगळी माणसं दक्षिणेकडे, संध्याकाळी साडेपाचनंतर सगळी उत्तरेकडे. हा जुना नियम अजून बऱ्यापैकी टिकून आहे. मात्र अंधेरी आणि बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलाला) दोन्हीकडून माणसं उतरतात, तिथे उलट-सुलट काही राहिलेलं नाही. ठाण्याहून मुलुंडच्या शाळेत यायचं असेल तर सकाळची गर्दी तुमच्याच दिशेने चाललेली असते. मुलुंडहून ठाण्याच्या शाळेत जायचं असेल तर त्याच वेळी डब्यात बसायला जागा मिळू शकते. अंतर तेच.

पण यात एक मेख आहे. मुंबईतल्या कितीतरी शाळा दोन सत्रांत भरतात आणि प्राथमिकचं सत्र एक तर माध्यमिकचं दुसरं. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हापासून वेळांची आणखी उलथापालथ झालीय. प्रवेश घेताना आपण नर्सरीची किंवा पहिलीची वेळ विचारतो. पाचवीपासून शाळा कधी भरते, हे तेव्हाच विचारून घ्यावं.

आमच्याकडे चौथीपर्यंत दुपारचं सत्र होतं. पहिलीचं वर्ष लॉकडाउनमध्ये घरीच गेलं, खरा प्रवास दुसरीत सुरू झाला. जाताना पावणेबाराची लोकल, डबा रिकामा, पोरगा खिडकीशी. येताना मात्र सायनला पावणेसहा. ठाण्याकडे जाणारी प्रत्येक गाडी दादरलाच भरून आलेली. पहिल्या आठवड्यात मी समोर आलेली कल्याण स्लो पकडली आणि विक्रोळीला उतरता उतरता पोराची एक चप्पल आत राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "ताई, लहान पोर घेऊन कल्याण धरायची नाही. ठाणे येऊ दे." तेव्हापासून कल्याण, टिटवाळा, बदलापूर सोडायची आणि ठाणे स्लोची वाट बघायची. ठाण्याची गाडी लांबच्या माणसांच्या कामाची नसते, म्हणून तिच्यात निदान पाय ठेवायला जागा असते. असल्या गोष्टी कुठल्याच ॲपवर मिळत नाहीत.

त्याच अनुभवावरून सांगते, मुलांसाठी स्लो गाडीचं स्टेशन चांगलं. फास्ट थांबते म्हणून स्टेशन भारी, हा हिशेब ऑफिसवाल्यांचा. फास्टमध्ये लहान मुलाला उतरायच्या दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकावं लागतं. जिथून गाडी सुटते असं स्टेशन घराजवळ असेल, म्हणजे ठाणे, कुर्ला, बोरिवली, अंधेरी, तर सोन्याहून पिवळं. दप्तर पोटावर घ्यायची सवय मात्र पहिल्याच दिवसापासून लावा. पाठीवरचं दप्तर डब्यात दोन माणसांची जागा खातं आणि लोक मुलावरच खेकसतात.

मेट्रोने काय बदललं

बरंच. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो जून २०१४ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा पूर्व-पश्चिम प्रवास रस्त्यावरच्या ट्रॅफिकमधून सुटला. दहिसर-अंधेरीच्या २अ आणि ७ या लाइनी जानेवारी २०२३ पासून पूर्ण चालू आहेत. बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना या दोन लाइनींवर २५ टक्के सवलतही जाहीर झालेली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-तीन कफ परेडपर्यंत पोहोचली. आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, आरेचं टोक सोडलं तर सगळी वाट गर्दीच्या शहराखालून. मरोळ नाक्याला ती घाटकोपरच्या मेट्रोला मिळते आणि सांताक्रूझ, दादर, सिद्धिविनायक, वरळी करत थेट गिरगावात, काळबादेवीत जाते.

ज्यांना मराठी माध्यम हवंय त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. उपनगरांत मराठी शाळांचे वर्ग एकेक करून बंद होत गेले. आता चांगली मराठी शाळा हवी तर दोन-चार स्टेशनं जायची तयारी ठेवावीच लागते. विलेपार्ल्याची १९२१ ची पार्ले टिळक असो की शिवाजी पार्कची १९४० ची बालमोहन, अशा शाळांत लांबून मुलं येतात ती उगीच नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या शाळा अंधेरी-मरोळच्या मुलांना आता एका गाडीच्या अंतरावर आल्या.

मेट्रो-तीनच्या फलाटावर काचेची दारं आहेत, लिफ्ट आहे, दारात लोंबकळणं नाही. लहान मुलासाठी लोकलपेक्षा ती नक्कीच सोपी. पण खर्च मोजा. तिचं तिकीट दहा ते सत्तर रुपये, आणि सोबत मोठं माणूस असेल तर त्याचंही. लोकलला पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट, विद्यार्थ्याच्या पासावर सवलत (फॉर्म शाळेच्या ऑफिसातून घ्यायचा), आणि मोठ्यांचाही दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास रिक्षाच्या चार लांब फेऱ्यांत निघतो. नव्या कोऱ्या साधनावर सगळा डोलाराही उभारू नका. मोनोरेलच्या भरवशावर चेंबूर-वडाळ्याच्या शाळा घेतलेल्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुधारणांसाठी बंद झाली तेव्हा पुन्हा बस शोधावी लागली.

आणि शेवटची दहा मिनिटं विसरू नका, मेट्रो असो की लोकल. स्टेशन ते शाळा चालत जाताना फुटपाथ आहे का, सिग्नल आहे का, हायवे ओलांडायचा आहे का? शहरभागात शाळा असेल तर आणखी एक: वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. उशीर झाला तर टॅक्सी, आणि सकाळी जवळच्या भाड्याला टॅक्सीवाला मान हलवतो.

स्कूलबस घेणार असाल तर किती किलोमीटर हे विचारू नका, आमचा स्टॉप कितवा ते विचारा. २०११ च्या राज्याच्या नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. मार्ग बदलून हवा असेल तर ड्रायव्हरशी हुज्जत घालण्यापेक्षा त्या समितीला लेखी द्या. हे मला फार उशिरा कळलं.

पावसाळ्यातली शाळा

प्रवेशाची धावपळ हिवाळ्यात होते. आपण शाळा बघायला जातो तेव्हा ऊन कोवळं असतं, रस्ते कोरडे, सबवे रिकामे. तीच वाट जुलैत कशी दिसेल हे डोळ्यांसमोर आणावं लागतं. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबण्याची ठिकाणं मुंबईकराला सांगायला नकोत. तुमची वाट यातल्या एखाद्या ठिकाणावरून जाते का बघा. आमची वाट यात पास होत नाही, हे कबूल करते. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ला-सायनच्या मध्ये रूळ पाण्याखाली जातात आणि मध्य रेल्वे बसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा कॉलेजात होते, कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत रात्री दोनला घरी पोहोचले.

म्हणून सायनची शाळा घेताना आम्ही एकच गोष्ट आधी पक्की केली: मुलाची आत्या प्रतीक्षा नगरात राहते, शाळेपासून चालत अर्ध्या तासावर. गाड्या बंद पडल्या तर मुलाला तिकडे न्यायचं आणि आम्ही पाणी उतरल्यावर जायचं. शाळेत आत्याचं नाव, फोटो आणि फोन नंबर दिलेला आहे. आतापर्यंत तीनदा उपयोगी पडलंय. शाळेच्या पायी टप्प्यात आपलं एखादं घर आहे का, आत्या, मावशी, जुने शेजारी, कोणीही, हे मी आता प्रत्येकीला विचारते. नसेल तर त्याच वर्गातल्या, शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या आईशी पहिल्या महिन्यात ओळख करून घ्या आणि तिचं नाव शाळेत द्या.

तालीम

फॉर्म भरायच्या आधी ती वाट तीनदा करा. एकदा सोमवारी, अगदी शाळेच्या वेळेला. एकदा शाळा सुटण्याच्या वेळेला उलट दिशेने. आणि एकदा मुलाला घेऊन. घड्याळ घराच्या दारात सुरू करायचं, स्टेशनावर नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगची लिफ्ट सकाळी चार मिनिटं खाते, ती कुठल्याच नकाशात नाही. एम-इंडिकेटर ॲपवर गाडीची वेळ बघा, पण पूल चढायला लागणारी मिनिटं स्वतः मोजा, मुलाच्या पायांनी.

सगळ्यात उपयोगी तासभर मात्र शाळा सुटतानाचा. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन नुसतं उभं राहायचं. मुलं कुठल्या दिशेला पांगतात ते बघायचं. घोळक्याने स्टेशनकडे जाणारी मोठी मुलं दिसली तर समजा की ही वाट चालती आहे. आपलंही मूल चार वर्षांनी त्याच घोळक्यात असेल. सगळी मुलं गाड्यांत आणि बसमध्ये बसून गेली आणि स्टेशनकडे चिटपाखरूही वळलं नाही, तर आठवीतही पोराला न्यायला तुम्हालाच यावं लागेल. मी सायनला अशी उभी राहिले तेव्हा एकाच युनिफॉर्ममधली सात-आठ मुलं स्टेशनाकडे निघाली होती. त्यातल्या एकीला विचारलं, कुठे राहतेस? "कन्नमवार नगर, एकशे बारा नंबर." आमचा निर्णय तिथेच झाला.

मुलगा असेल तर अजून एक हिशेब आहे. लेडीज डब्यात आईबरोबर मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंतच जाऊ शकतो. म्हणजे साधारण सातवीत त्याला जनरलमध्ये चढावं लागतं, सकाळच्या गर्दीत, मोठ्या माणसांच्या कोपरांच्या उंचीवर. पहिलीचा प्रवेश घेताना सातवीचा जनरल डबा कोणाच्या डोक्यात असतो? पण लाइन, दिशा आणि सत्र तोवर बदलता येत नाही. आमच्या बाबतीत नशिबाने पाचवीपासून सकाळचं सत्र आलं. आता विक्रोळीहून सहा वीसची गाडी, त्या वेळी जनरलमध्येही उभं राहायला ऐसपैस जागा असते, आणि पाऊणच्या सुमारास परत.

येत्या जूनमध्ये तो सातवीत जाईल, ऑगस्टमध्ये बारा पूर्ण. मागच्या शनिवारी शाळा सुटल्यावर तालीम घेतली. मी लेडीजमध्ये, तो आणि त्याचे तीन मित्र शेजारच्या जनरल डब्यात. कुर्ल्याला मी दारातून वाकून बघितलं, दिसला नाही. घाटकोपरला पुन्हा बघितलं, तिथे तर उतरणाऱ्यांचीच झुंबड. विक्रोळीला उतरले तर हा फलाटावर आधीच उभा, दप्तर अजून पोटावर, आणि मलाच विचारतो, "आई, तू कुठल्या दाराने उतरलीस? मी कधीचा शोधतोय."